शेजार आणि बाजार

आपल्या घरच्या भाकरीची दोरी कोणाच्या हाती असावी, हा प्रश्न वरवर पाहता अर्थशास्त्राचा वाटतो. पण थोडा विचार केला, तर तो नीतीचा आणि म्हणून विश्वासाचाही प्रश्न आहे असे आढळून येईल. आपण जे विकतो व जे विकत घेतो, त्यामुळे कोणाशी तरी आपले नाते जडते. ते नाते न्यायाचे आहे की अन्यायाचे, हे जाणून घेण्याची जबाबदारी आपल्यावर आहे काय? आणि ज्याचे तोंडही आपण कधी पाहणार नाही, अशा माणसाबाबत ती जबाबदारी पार तरी कशी पाडावी? पांढुर्णा व सौंसर या दोन तहसिलींचे उदाहरण समोर ठेवून या प्रश्नाचा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

ही दोन्ही ठिकाणे मध्य प्रदेशात आहेत. परंतु भाषेने, सोयरिकीने व शेतीने ती विदर्भाशी बांधलेली आहेत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा नागपूर मुंबई राज्यात गेले व छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये या दोन तहसिली छिंदवाड्यापासून वेगळ्या होऊन पांढुर्णा हा नवा जिल्हा अस्तित्वात आला. राज्याची सीमा मध्ये आली तरी येथील शेतकऱ्याचा बाजार नागपूरचाच राहिला. काळ्या जमिनीत कापूस, तूर व ज्वारी, आणि पाण्याची सोय असेल तेथे संत्र्याचा बगीचा, हे येथील शेतीचे रूप वरुड, काटोल, नरखेड या शेजारच्या भागांहून निराळे नाही.

संत्र्याची लागवड हे धीराचे काम आहे. जंभेरीच्या खुंटावर डोळा बांधून कलम करावे, ते लावावे, आणि पहिल्या फळासाठी पाचएक वर्षे वाट पाहावी. मग दरवर्षी आंबिया घ्यावयाचा की मृग, हे ठरवून झाडाला ताण द्यावा. कोळशी व डिंक्या यांपासून त्याला जपावे. एवढे करून फळ हाती आल्यावर त्याचा भाव मात्र पांढुर्ण्यात ठरत नाही. पुष्कळदा व्यापारी उभा बहारच उक्ता घेतो, आणि त्या व्यापाऱ्याचा भाव दूरच्या बाजारावर अवलंबून असतो.

तो दूरचा बाजार म्हणजे अनेक वर्षे बांगलादेश होता. या पट्ट्यातील संत्र्यांचा तो सर्वांत मोठा परदेशी गिऱ्हाईक. २०१९ च्या सुमारास किलोमागे २० रुपयांच्या आसपास असलेले आयात शुल्क त्या देशाने वाढवीत वाढवीत २०२३ मध्ये सुमारे ८८ रुपयांवर नेले. निर्यात घसरली, माल देशातच साचला, आणि येथील बगीचेवाल्याला मिळणारा भाव पडला. ढाक्यात एका दिवसात निर्णय होऊ शकतो. पाच वर्षे वाढविलेले झाड एका दिवसात दुसरे काही होऊ शकत नाही.

येथे बांगलादेशाला दोष देऊन आपली सुटका होणार नाही. भारत सरकारने सप्टेंबर २०१९ मध्ये, पुन्हा सप्टेंबर २०२० मध्ये आणि पुन्हा डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात बंद केली, तेव्हा भारताच्या कांद्यावर अवलंबून असलेल्या बांगलादेशाच्या बाजारात भाव भडकले. त्या वेळच्या तेथील पंतप्रधान शेख हसीना ऑक्टोबर २०१९ मध्ये दिल्लीस आल्या असता, आपण स्वयंपाक्याला कांद्यावाचून स्वयंपाक करण्यास सांगितले आहे, असे त्यांनी हसत हसत सांगितले. हसण्यावारी नेलेली ती गोष्ट गरिबाच्या घरी हसण्यासारखी नव्हती. त्यांच्या फोडणीची दोरी आपल्या हाती, आणि आपल्या बगीच्याची दोरी त्यांच्या हाती! ती खेचताना दोन्हीकडील सरकारांनी आपापल्या लोकांचे हित पाहिले असेल. पण दोरीच्या टोकाला कोण बांधला आहे, हे कोणालाच दिसले नाही.

हे झाले विक्रीचे. आता स्वयंपाकघराकडे वळू. ज्या प्रदेशात तीळ, जवस व भुईमूग पिकत आला आणि ज्या राज्यात सोयाबीन अमाप होते, तेथील घरांतही आज पिशवीतले तेल येते. आपल्या देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक परदेशातून येते, आणि त्यात पामतेलाचा वाटा मोठा. २८ एप्रिल २०२२ रोजी इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात थांबविली. ही बंदी महिनाभरही टिकली नाही. परंतु तेवढ्या काळात, खेड्यातल्या कढईपर्यंत हजारो मैलांवरील एका राजधानीचा हुकूम पोहोचतो, हे सर्वांना कळून चुकले. गावातली घाणी बंद पडली तेव्हा एका माणसाचा धंदा गेला एवढेच आपण समजलो. त्याबरोबर आपल्या हातातले काय गेले, हे नंतर कळले.

ही गोष्ट नवी आहे असेही नाही. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू असताना तेथील कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि वऱ्हाड-नागपूरकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध संपताच तो भाव कोसळला. तरीही ज्वारीच्या रानात कापूस शिरला तो शिरलाच. पुढे १८९६-९७ व १८९९-१९०० च्या दुष्काळांत मध्य प्रांत व वऱ्हाड होरपळून निघाले, तेव्हा हातात पैसा देणारे पीक पोटात घास घालीलच असे नाही, हा धडा फार मोठ्या किमतीने शिकावा लागला.

मग उपाय कोणता? या प्रश्नाचा ज्यांनी आयुष्यभर विचार केला, त्यांत एक नाव आपल्या मंडळ्यांना विशेष जवळचे वाटावयास हवे, पण ते आपल्या व्यासपीठांवर क्वचितच ऐकू येते. ते म्हणजे जोसेफ कॉर्नेलियस कुमारप्पा. १८९२ साली तंजावर येथे एका ख्रिस्ती कुटुंबात त्यांचा जन्म झाला. लंडनमध्ये ते हिशेबतपासणीस झाले, अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकले, आणि १९२९ मध्ये गांधीजींना भेटल्यावर त्यांच्याबरोबरच राहिले. १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, तेव्हा त्याचे चिटणीसपद त्यांच्याकडे आले, आणि वर्ध्याचे मगनवाडी हे त्यांचे कामाचे ठिकाण झाले. पुढे मध्य प्रांत व वऱ्हाड सरकारने नेमलेल्या औद्योगिक पाहणी समितीचे ते अध्यक्ष होते. तिचा अहवाल १९३९ मध्ये निघाला. आपण ज्या भागाविषयी लिहीत आहोत, तो छिंदवाडा जिल्हा त्याच प्रांतात होता.

स्वातंत्र्याच्या चळवळीत कुमारप्पा जबलपूरच्या तुरुंगात होते. तेथे त्यांनी दोन पुस्तके लिहिली: एक टिकाऊ अर्थव्यवस्थेविषयी, आणि दुसरे प्रभू येशूच्या आचरणाविषयी व शिकवणीविषयी. गांधीजींनी ती वाचून, हे ग्रामोद्योगाचे डॉक्टर तर आहेतच, पण ईश्वरविद्येचेही डॉक्टर आहेत, अशा अर्थाचे कौतुक केले. एकाच कोठडीत, एकाच मनाने अर्थशास्त्र व शुभवर्तमान यांवर लिहिले जावे यात कुमारप्पांना काहीच विसंगत वाटले नाही.

त्यांच्या विचाराचे सार आम्ही आमच्या शब्दांत सांगतो. सृष्टीत अनेक प्रकारचे व्यवहार दिसतात. वाघ दुसऱ्याचा जीव घेऊन जगतो. माकड आमराईत शिरून न लावलेल्या झाडाची फळे खाते. पक्षी स्वतः खपून घरटे बांधतो. मधमाशी सर्व पोळ्यासाठी राबते. आई मोबदल्याचा विचार न करता पिलांना भरविते. माणसाने पहिल्या दोन पायऱ्यांवरून वर चढत जावे, यालाच ते प्रगती म्हणत. आणि वस्तू विकत घेताना केवळ पैसा हात बदलत नाही, त्या वस्तूच्या मागचे पाप-पुण्यही आपल्याकडे येते, असे त्यांचे म्हणणे होते. ज्या कोकोच्या मागे दूरच्या मळ्यांतील वेठबिगार आहे, तो पिणारा मनुष्य त्या वेठीत सामील आहे. पण सात समुद्रांपलीकडचे कोण कसे तपासणार? म्हणून ज्याची चौकशी आपण करू शकतो आणि ज्याविषयी जाब देऊ शकतो, अशा आटोक्यातल्या वर्तुळात नित्याच्या गरजा भागवाव्यात, आणि उरलेल्याचा व्यापार करावा, असे ते सांगत.

हा विचार आम्हांला मूलतः योग्य वाटतो. परंतु तो जसाच्या तसा उचलून, खेडे तेवढे पवित्र आणि जग तेवढे पापी, असे म्हणणे आपल्या मंडळ्यांना शोभणार नाही. त्याची कारणे आपल्याच घरात आहेत.

पूर्वीचे खेडे स्वावलंबी होते, हे खरे. बलुतेदारीत गावाचे सारे गावात भागत असे. पण त्या स्वावलंबनाचा भार कोणाच्या पाठीवर होता? ज्यांना गावकुसाबाहेर राहावे लागे, मेलेली गुरे ओढावी लागत आणि उरलेसुरले पदरात घ्यावे लागे, त्यांच्या पाठीवर. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खेड्याच्या गौरवगानावर जो कठोर प्रहार केला, तो या अनुभवातून. आपल्यापैकी कित्येकांच्या पूर्वजांना माणूस म्हणून उभे राहता आले ते गाव सोडल्यावर: नागपूरच्या गिरणीत, रेल्वेत, लष्करात, मिशनच्या शाळेत व दवाखान्यात. दूरचे जग त्यांच्यासाठी लुटारू नव्हते, तर सुटकेची वाट होते. ही गोष्ट विसरून जो स्वावलंबनाचा उपदेश करील, त्याचे कोणी ऐकू नये.

आजही तेच. सौंसर तहसिलीत बोरगावच्या औद्योगिक क्षेत्रात १९९१ पासून रेमंडचा कापडाचा कारखाना आहे. त्यासाठी लागणारी लोकर ऑस्ट्रेलियासारख्या दूर देशांतून येते आणि कापड देशोदेशी जाते. त्या कारखान्यावर ज्यांची चूल पेटते, त्यांना जगाचा व्यापार वाईट आहे असे कोणत्या तोंडाने सांगावे?

शिवाय जवळ राहिल्याने माणूस शेजारी होतोच असेही नाही. पांढुर्णा व सावरगाव यांच्यामधून जाम नदी वाहते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही काठांवरून गोटमार होते. नदीत रोवलेल्या पळसाच्या झेंड्यासाठी लोक एकमेकांवर दगड फेकतात, आणि दरवर्षी शेकडो जखमी होतात. त्या प्रथेमागच्या भावनेचा न्यायनिवाडा करणे हा आमचा उद्देश नाही. एवढेच ध्यानात घ्यावे, की दगड फेकणारा हात परक्याचा नसतो. तो पलीकडच्या काठावरच्या ओळखीच्या माणसाचा असतो. उलट, यरीहोच्या वाटेवर पडलेल्या माणसाला ज्याने उचलले, तो त्याच्या गावचा नव्हता, जातीचाही नव्हता. आपला शेजारी कोण, या प्रश्नाला प्रभूने दिलेल्या उत्तरात अंतर मोजलेले नाही.

मग जवळच्या व्यवहाराचा आग्रह तरी का धरावा? आमचे उत्तर असे: जवळीक म्हणजे न्याय नव्हे, पण जवळीक ही न्याय करण्याची संधी आहे. बगीच्यात संत्री तोडणाऱ्या बाईला दिवसाची मजुरी किती मिळाली, हे आपण विचारू शकतो. घाणीवाल्याने तेलात काय मिसळले, ते पाहू शकतो. व्यापाऱ्याने काटा मारला, तर त्याच्या दारात उभे राहू शकतो. आणि आपण स्वतः अन्याय केला, तर तो ज्याच्यावर केला तो रविवारी उपासनेत आपल्या शेजारच्या बाकावर बसलेला असू शकतो. दूरच्या व्यवहारात ही संधीच नाहीशी होते. तेथे कोणी दुष्ट असावाच लागत नाही. कोणाला काही दिसत नाही, एवढेच अन्यायाला पुरते.

हा प्रश्न आपल्या मंडळ्यांनी एकदा सोडविलेला आहे, याची येथे आठवण द्यावीशी वाटते. स्वावलंबन हा शब्द मराठी ख्रिस्ती समाजाला अर्थशास्त्राच्या पुस्तकातून मिळाला नाही. अमेरिकन बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन १८५४-५५ मध्ये या देशात आले. येथील मंडळ्यांनी स्वतःचा खर्च स्वतः भागवावा, स्वतःचा कारभार स्वतः चालवावा आणि सुवार्ता स्वतः सांगावी, हे ते व त्यांचे समकालीन आग्रहाने सांगत. रेव्ह. नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून देवाचा दरबार उभारला, त्यामागेही हीच तळमळ होती. छिंदवाड्याकडे काम सुरू केलेल्या स्वीडिश मिशनच्या श्रमांतूनही पुढे येथील लुथरन मंडळी स्वतःच्या नावाने उभी राहिली. ही स्थित्यंतरे सोपी नव्हती. परदेशचा पैसा थांबला तर पाळकाचा पगार कोठून द्यावयाचा, ही चिंता कित्येक मंडळ्यांनी भोगली आहे.

पण स्वावलंबी झालेल्या मंडळ्यांनी जगाशी नाते तोडले काय? नाही. ते नाते शुद्ध झाले. पूर्वी देणारा व घेणारा असे दोन पक्ष होते. नंतर भाऊ आणि भाऊ असे नाते होऊ शकले. जो स्वतःच्या पायांवर उभा नाही, त्याची मैत्री मिंधेपणापासून सुटत नाही. म्हणून स्वावलंबन ही जगाभोवती घातलेली भिंत नसून, जगाशी बरोबरीने बोलता यावे यासाठी घातलेला पाया आहे. जे मंडळीला लागू, तेच गावाला व जिल्ह्यालाही लागू.

पवित्र शास्त्रातही या दोन्ही बाजू एकत्र आढळतात. प्रेषित पौल कोणावर भार पडू नये म्हणून राहुट्या करून स्वतःच्या हातांनी पोट भरीत असे. आणि तोच पौल मासेदोनिया व करिंथ येथून यरुशलेमेतील गरिबांसाठी वर्गणी गोळा करीत हिंडला. यहूदियात दुष्काळ पडणार असे कळताच अंत्युखियाच्या मंडळीने बर्णबा व शौल यांच्या हाती मदत धाडली. लुदिया ही जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करणारी, थुवतीराची; तिच्या घराचे दार फिलिप्पैत उघडले. व्यापाराचा शास्त्राला विटाळ नाही. पण प्रकटीकरणात बाबेलच्या पतनावर रडणाऱ्या व्यापाऱ्यांच्या मालाची जी लांबलचक यादी आहे, ती शिक्षकांनी एकदा शांतपणे वाचावी. सोन्यारुप्यापासून ती सुरू होते, पिठातेलावरून पुढे जाते, आणि शेवटी माणसांच्या जिवांपाशी येऊन थांबते. जेव्हा माणूसही मालाच्या यादीत जातो, तेव्हा तो बाजार देवाच्या न्यायाखाली आहे, असेच त्या यादीवरून समजावे.

आता व्यवहाराचे बोलू. पांढुर्ण्याने किंवा सौंसरने आपली सर्व संत्री स्वतःच खावीत, असे कोणी शहाणा म्हणणार नाही. संत्र्याचे झाडसुद्धा भोसल्यांच्या काळी औरंगाबादेकडून नागपूरला आले, असे सांगतात. पण घरचा भाजीपाला, वर्षाची डाळ, खाण्याचे तेल, जनावरांचा चारा, एवढे तरी जवळपासचे असावे, म्हणजे बगीच्याचा भाव पडला तरी ताट रिकामे राहणार नाही. बगीच्याच्या बांधावर तूर व तीळ लावणारा शेतकरी मागासलेला नाही; तो कुमारप्पांनी सांगितलेले शहाणपण आचरीत आहे. आणि फळ आहे तसेच उक्ते देण्याऐवजी चार शेतकऱ्यांनी मिळून त्याची प्रतवारी केली, रस काढला, जवळच्या शहरांत थेट विकले, तर ढाक्याच्या एका हुकुमाने सारे कोसळणार नाही.

मात्र एक सावधगिरी हवी. महिन्याच्या शेवटी ज्याच्या हाती मोजके पैसे उरतात, त्याने स्वस्त पिशवीचे तेल घेतले म्हणून त्याला कोणी दोष देऊ नये. ज्याची ऐपत जास्त, त्याची जबाबदारी जास्त. घाणीचे तेल महाग पडते; ते सुस्थितीतल्या घरांनी नेमाने घेतले, तरच घाणी टिकेल व पुढे कदाचित गरिबालाही परवडेल. तसेच, शेतातले कोपरे न कापता गरीब व परका यांच्यासाठी सोडावेत, हा लेवीयातील नियम ध्यानात ठेवावा. त्या नियमाने आपल्या जमिनीतही परक्याचा वाटा ठेवला आहे. स्थानिकांच्या नावाखाली बाहेरून आलेल्या मजुराला हाकलणे हे स्वावलंबन नव्हे.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांना आम्ही एक साधा पाठ सुचवितो. मुलांना एक आठवडा घरात आलेल्या दहा वस्तूंची यादी करावयास सांगा. प्रत्येक वस्तूपुढे दोन गोष्टी लिहाव्यात: ती कोठून आली, आणि ती करणाऱ्याला आपण ओळखतो काय. रविवारी याद्या वर्गात वाचाव्यात. किती वस्तूंपुढे 'ओळखतो' असे लिहिले आहे, ते मुलांनाच मोजू द्यावे. मग विचारावे, की ज्यांना ओळखतो त्यांच्याशी आपण नीट वागतो काय? आणि ज्यांना ओळखत नाही, त्यांच्यासाठी आपण कधी प्रार्थना करतो काय? दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. यंदाच्या कापणीच्या सणाला वेदीपुढे जी फळे, भाज्या व धान्य मांडले जाईल, त्यांत आपल्या हातचे किती व दुकानातले किती, हेही मंडळीने पाहावे. आणि लिलावात बोली लावताना तो माल पिकविणारा भाऊ किंवा बहीण कोण, हे मोठ्याने सांगितले जावे.

हे फार लहान उपाय आहेत, असे कोणी म्हणेल. राष्ट्रांचे करार मंडळीच्या बैठकीत होत नाहीत, हे आम्हांलाही ठाऊक आहे. पण दिवसाची भाकर मागण्याची प्रार्थना प्रभूने आपल्याला शिकविली, तेव्हा 'मला' न म्हणता 'आम्हांला' म्हणावयास शिकविले. त्या 'आम्हां'त बगीच्यातली मजूर बाई आहे, घाणीवाला आहे, बोरगावचा कामगार आहे, आणि कांद्यावाचून स्वयंपाक करणारी ढाक्याची गृहिणीही आहे. जवळच्याशी न्यायाने वागण्याची सवय ज्याला लागली, त्यालाच दूरचाही माणूस म्हणून दिसू लागेल. ती सवय आपल्या घरापासून, आपल्या बाजाराच्या दिवसापासून लावून घेणे आपल्या हाती आहे.